मिठाईच्या रस्त्यावरचे बंद दार

कोकण रेल्वेने दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रवाशास कोळिकोड हे शहर प्रथम दिसते ते नारळीच्या झावळ्यांआडून डोकावणाऱ्या तांबड्या कौलांच्या रूपाने. आपल्या जुन्या पुस्तकांतून ज्याचा उल्लेख कालिकत असा येतो तेच हे नगर. १४९८ साली वास्को द गामाची जहाजे याच्या उत्तरेस कप्पड येथे किनाऱ्याला लागली ही गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून अरब, चिनी आणि गुजराती व्यापारी मिरी, सुंठ आणि कापड यांच्या देवघेवीसाठी येथे येत-जात होते. येथून परदेशी जाणाऱ्या सुती कापडाला इंग्रजांनी या गावाच्याच नावावरून 'कॅलिको' म्हणावयास सुरुवात केली. व्यापार हा या शहराचा स्वभाव आहे, आणि तो पाहावयाचा असेल तर स्थानकावरून चालत जाण्याजोग्या अंतरावर असलेल्या मिठाई तेरुवु या रस्त्यावर सायंकाळी जावे.

तेरुवु म्हणजे रस्ता. सामुतिरी राजांनी गुजरातेतून हलवाई आणवून त्यांना राजवाड्याच्या तटाबाहेर दुकानांसाठी जागा दिली, अशी कथा येथे सांगतात. येथील हलव्याला युरोपियन लोक 'स्वीट मीट' म्हणू लागले आणि त्यावरून रस्त्याचे इंग्रजी नाव एस. एम. स्ट्रीट असे पडले. अजूनही दुकानांच्या फळ्यांवर हलव्याच्या मोठमोठ्या वड्या रचलेल्या दिसतात. काळ्या गुळाच्या, हिरव्या, केशरी, तांबड्या, नि खोबरेल तेलाने अशा तुकतुकीत की दिव्याचा उजेड त्यांच्यातून आरपार जातो. शेजारी कढईत केळ्याचे काप तळले जात असतात. रस्त्याच्या एका टोकाला मानांचिराचे तळे आणि उद्यान, तेथे एस. के. पोट्टेक्काट यांचा पुतळा आहे. ते ज्ञानपीठ पारितोषिकाचे मानकरी आणि मल्याळम भाषेतील थोर प्रवासलेखक. याच रस्त्यावरच्या हमालांची, भिकाऱ्यांची, वर्तमानपत्रे विकणाऱ्यांची कथा त्यांनी एका कादंबरीत सांगितली आहे. २००७ साली फटाक्यांच्या दुकानात लागलेल्या आगीत येथे माणसे दगावली. २०१७ साली रस्त्याची नवी फरसबंदी झाली, वाहनांना आळा घालण्यात आला, आणि तेव्हापासून मुलांचा हात धरून निर्धास्तपणे हिंडता येईल असे या रस्त्याला रूप आले.

हलवा, तयार कपडे, पादत्राणे, साड्या, छत्र्या, भांडी. दुकान लहान असो वा चार मजली, गल्ल्याच्या अलीकडे उभी असलेली व्यक्ती बहुधा स्त्री असते. प्रवासी तिच्याकडून साडी उलगडून घेतो, भाव विचारतो, बिलाची चिठ्ठी घेतो आणि पुढे जातो. ती सकाळी आली तेव्हापासून रात्री दुकान बंद होईपर्यंत काय करते, हा प्रश्न त्याच्या मनात येण्याचे कारण नाही. पंधरा वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारला गेला तो याच रस्त्यावर, आणि तो विचारणारी एक शिवणकाम करणारी बाई होती.

पी. विजी हे तिचे नाव. सुमारे २००९-१० साली तिने आणि तिच्या सोबतिणींनी 'पेण्‌कूट्टु' नावाची संघटना उभी केली. पेण म्हणजे स्त्री, कूट्टु म्हणजे सोबत. इतके साधे नाव. त्यांची पहिली मागणी पगारवाढीची नव्हती, सुटीची नव्हती. दुकानात काम करणाऱ्या स्त्रियांना लघवीला जाण्यासाठी जागा असावी, एवढीच ती मागणी होती. जुन्या, अरुंद, एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या त्या इमारतींत पुष्कळ ठिकाणी ही सोय नव्हती. जेथे होती तेथे ती पुरुषांची होती, नाहीतर तिला कुलूप होते. त्यामुळे बायका सकाळी घरून निघताना पाणी पीत नसत, आणि दिवसभर घशाला कोरड पडली तरी दोन घोटांवर भागवीत. अगदीच निरुपाय झाला तर जवळच्या उपाहारगृहात जाऊन एक चहा मागवावयाचा आणि त्या निमित्ताने आत जाऊन यावयाचे. ज्या अडचणीपायी जावयाचे ती वाढविणारेच पेय विकत घ्यावे लागावे, यापरता विनोद तो कोणता! पण त्या चहाचे पैसे तुटपुंज्या पगारातून जात, आणि जाण्यायेण्याचा वेळ मालकाच्या डोळ्यांत भरे.

डॉक्टरांना विचारावे, ते सांगतील की पाणी कमी पिणे आणि लघवी तासन्‌तास तुंबवून ठेवणे या दोहोंनी मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होण्याची भीती वाढते; कोळिकोडसारख्या घामाघूम करणाऱ्या हवेत तर अधिकच. गरोदर स्त्रीला हा संसर्ग विशेष घातक. मासिक पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते घरातील स्त्रियांना सांगावयास नको, आणि पुरुषांनी एकदा विचारून पाहण्यास हरकत नाही.

टोमणे बसले, हसणे झाले. पण बायका हटल्या नाहीत. मोर्चे निघाले, अधिकाऱ्यांकडे अर्ज गेले, आणि हळूहळू त्या परिसरातील दुकानांत दारे उघडू लागली. पुढे त्यांनी दुसरा प्रश्न हाती घेतला. विक्रेत्या बाईला दिवसभर बसावयास मनाई का? २०१८ साली केरळ सरकारने दुकाने व आस्थापना यांच्या कायद्यात दुरुस्ती करून काम करताना बसण्याचा हक्क मान्य केला, आणि २०२१ साली तमिळनाडूने तोच मार्ग धरला. ब्रिटिश नभोवाणी संस्थेने २०१८ सालच्या जगातील शंभर स्त्रियांच्या यादीत विजींचे नाव घातले. शौचकूपाच्या मागणीपासून निघालेली वाट इतकी दूर जाईल असे त्या रस्त्यावर तेव्हा फारसे कोणाला वाटले नसावे.

येथवरची हकीकत वर्तमानपत्रांतून येऊन गेलेली आहे. आम्हांस त्या रस्त्यावर हिंडताना कुतूहल होते ते पुढच्या गोष्टीचे. दार उघडले, हे खरे. पण ते उघडे राहते कसे? कारण शौचालय मिळणे ही एका दिवसाची घटना आहे आणि ते वापरण्याजोगे राहणे हे रोजचे काम. पहिल्याच्या उद्‌घाटनाला हार-तुरे असतात. दुसऱ्याकडे ढुंकूनही कोणी पाहत नाही.

दुकानातले शौचालय एका दिवसात बिघडत नाही. त्याचा ऱ्हास ठरावीक पायऱ्यांनी होतो, आणि त्या पायऱ्या कोळिकोडला, कानपूरला नि कोल्हापूरला सारख्याच आहेत. आरंभ होतो तो रबराच्या एका चकतीने. फ्लशच्या टाकीत पाणी भरले की तरंगणारा गोळा वर येतो आणि तोटी बंद होते. त्या तोटीतली किंवा टाकीच्या तळाची रबरी चकती झिजली की पाणी थांबत नाही. भांड्यात एक बारीक धार अखंड वाहत राहते. चकतीची किंमत एखाददुसऱ्या चहाइतकी. पण धार दिसत नाही, आवाज बाजाराच्या गलबल्यात बुडून जातो. दुपारपर्यंत गच्चीवरची टाकी रिकामी होते. मग कोणीतरी बादली ठेवतो. बादली भरावयाची कोणी यावर वाद होतो. ज्याला घाई असते तो पाणी न टाकताच बाहेर येतो. दुर्गंधी सुटते, गिऱ्हाइके नाके मुरडतात, आणि मालक दाराला कुलूप लावतो. किल्ली गल्ल्यात. आता प्रत्येक वेळी बाईने सर्वांदेखत पुरुषाकडे किल्ली मागावयाची. दोन दिवस ती मागते, तिसऱ्या दिवसापासून मागत नाही. वापर थांबला असे पाहून मालक तेथे रिकामी खोकी ठेवतो. वर्षभराने कोणी विचारलेच तर उत्तर तयार असते की बांधून दिले होते, पण कोणी वापरतच नाही.

यात एक बारकावा असा आहे की जो पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसतो. कुलूप लावल्याने शौचालय स्वच्छ राहते ही समजूत चुकीची आहे. भांड्याच्या खाली आणि मोरीच्या जाळीखाली नळाला बाक दिलेला असतो. प्लंबर त्याला ट्रॅप म्हणतात. त्या बाकात सुमारे ५० मिलिमीटर उंचीचे पाणी नेहमी साचून राहावे अशी रचना असते. हा पाण्याचा पडदाच गटारातील वायूला खोलीत येण्यापासून अडवितो. खोली वापरात नसली की ते पाणी उन्हाळ्यात काही आठवड्यांत वाळून जाते, आणि मग न वापरलेल्या, धुतलेल्या, कुलूपबंद खोलीतूनही अशी काही दुर्गंधी येते की मालक म्हणतो, पाहा, म्हणूनच बंद ठेवले होते! बिचाऱ्याचा आरोप बायकांवर असतो. खरा गुन्हेगार त्याने लावलेले कुलूप. अशा जाळीत आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतणे एवढाच यावरचा उपाय. त्याला पैसा लागत नाही, लागते ती कोणाच्या तरी डोक्यात ठेवलेली तारीख.

यंत्र आणल्याने तारखेपासून सुटका होईल असेही काहींना वाटते. २०१० नंतरच्या दशकात केरळच्या शहरांतून नाणे टाकताच दार उघडणारी, आपोआप पाणी सोडणारी, आपोआप जमीन धुणारी विजेवर चालणारी पोलादी शौचालये रस्त्याच्या कडेला उभी राहिली. कोळिकोडलाही ती आली. दिसावयास देखणी, कल्पनाही चांगली. परंतु देखभालीचा करार संपला, सुटा भाग वेळेवर आला नाही, वीज खंडित झाली, आणि त्यांतील अनेक बंद पडून गंजत राहिली. आपोआप चालणाऱ्या वस्तूला आपोआप दुरुस्त होता येत नाही. पुढे २०२० च्या सुमारास केरळ सरकारने रस्त्यालगत प्रवाशांसाठी 'टेक अ ब्रेक' या नावाने विश्रांतीची ठिकाणे उभारावयास घेतली, तेव्हा शौचालयाबरोबर चहा-फराळाची सोय जोडण्याची कल्पना पुढे आली. जेथे कोणाचा धंदा त्या जागेवर अवलंबून असतो, तेथे त्या जागेकडे कोणाचे तरी लक्ष राहते.

हे लक्ष कसे असते ते आम्ही मानांचिरापासून फार दूर नसलेल्या एका मध्यम प्रतीच्या उपाहारगृहात पाहिले. तेथील व्यवस्थापक पन्नाशीचे, मितभाषी गृहस्थ. जेवणाची वेळ सरली होती, पंखे संथ फिरत होते, आणि एक मुलगा केळीची पाने गोळा करीत होता. प्रसाधनगृहाच्या दारामागे खिळ्याला एक वही टांगलेली होती. अशा याद्या आता पुष्कळ ठिकाणी दिसतात. तासागणिक सह्या असतात, आणि अनेकदा त्या साऱ्या सह्या सकाळीच एका दमात केलेल्या असतात हे शाईवरूनच कळते. या वहीची गोष्ट निराळी होती. तिच्यात 'स्वच्छ केले' असा रकानाच नव्हता. त्याऐवजी पाहावयाच्या गोष्टी लिहिल्या होत्या: कडी आतून लागते काय, दिवा, नळ ठिबकतो काय, फ्लश दाबल्यावर टाकी पुन्हा किती वेळात भरली, जाळीवर पाणी साचते काय, साबण, झाकणाचा डबा. त्यापुढे दोन रकाने. एकात सफाई करणाऱ्या बाईने बिघाड लिहावयाचा, दुसऱ्यात तो दुरुस्त झाल्याची तारीख व्यवस्थापकाने लिहावयाची.

आम्हांला त्या वहीचा मर्म या शेवटच्या दोन रकान्यांत दिसला. नळ सैल झाला आहे, भांडे हलते आहे, फटीतून पाणी झिरपते आहे, हे सर्वांआधी कळते ते सफाई करणाऱ्या माणसाला. पण आपल्याकडे त्याला विचारतो कोण? त्याने बोललेच तर 'तू आपले काम कर' हे उत्तर. येथे तिच्या अक्षरातील ओळीसमोर तारीख लिहिल्याशिवाय व्यवस्थापकाला महिना बंद करता येत नाही. ती बाई मल्याळममध्ये चार शब्दांत लिहिते. काही जागी नुसते चित्र काढले होते, वाकडी कडी किंवा पाण्याचा थेंब. तेवढे पुरते.

दिवसाची वेळही विचारपूर्वक ठरविलेली. सकाळी दार उघडण्यापूर्वी एकदा, न्याहारीची गर्दी ओसरल्यावर एकदा, दुपारी साडेतीन ते साडेचारच्या दरम्यान सावकाश, नि रात्री शेवटी. दुरुस्तीचे काम याच दुपारच्या तासात. व्यवस्थापक म्हणाले की काम केव्हा करावयाचे हे एकतर आम्ही ठरवावे, नाहीतर नळ ठरवील. आणि नळ नेहमी रविवारची दुपार निवडतो. ओणम, विषू, ईद आणि लग्नसराई यांच्या आदल्या आठवड्यात प्लंबर येऊन जातो, काही बिघडलेले असो वा नसो. फ्लशच्या टाकीतल्या रबरी चकत्या झिजण्याची वाट न पाहता ठरावीक मुदतीने बदलतात. भिंतीतली मुख्य तोटी महिन्यातून एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडतात, एरवी ती गंजून बसते आणि ऐन वेळी फिरत नाही. हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याची पाती पुसतात, कारण धुळीचा थर बसलेला पंखा आवाज तेवढा करतो. गल्ल्याखाली पत्र्याचा एक डबा होता. त्यात चकत्या, एक तरंगता गोळा, दोन कड्या, एक तोटी, दिवा, स्क्रू. त्या डब्यातील कोणतीही वस्तू संपली की त्याच दिवशी दुसरी आणून टाकावयाची. किराणा भरताना गृहिणी जसे मीठ संपू देत नाही, तसाच हा प्रकार.

ॲसिड वापरीत नाही, हेही त्यांनी सांगितले. मलबारात जमीन जांभ्या दगडाची, विहिरींच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी लोह उतरते आणि भांड्यावर तांबूस डाग धरतो. तो काढण्याचा सोपा मार्ग म्हणून सर्रास ॲसिड ओततात. त्याने डाग जातो हे खरे. पण फरशीच्या सांध्यांतील सिमेंटही खाल्ले जाते, भांड्याची झिलई हळूहळू मंद होते, आणि खरखरीत झालेल्या पृष्ठभागावर पुढचा डाग आधीपेक्षा लवकर बसतो. शिवाय आमच्या वाचक भगिनींनी हे घरीही ध्यानात ठेवावे की ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर ही कधीही एकत्र होऊ देऊ नयेत. त्यांच्यापासून क्लोरीन वायू निघतो; कोंदट खोलीत वाकून काम करणाऱ्या बाईच्या तो थेट छातीत जातो. या उपाहारगृहात साबणाचे पाणी, लांब दांड्याचा ब्रश, रबरी हातमोजे आणि रोजचे घासणे एवढ्यावर भागते. रोज घासले तर डागाला मूळ धरावयास फुरसत मिळत नाही.

स्त्रियांच्या बाजूला झाकणाचा डबा असणे ही चैन नव्हे. तो नसेल तर पाळीच्या दिवसांतील पट्टी भांड्यात टाकली जाते, आणि मग तुंबलेला नळ मोकळा करण्यास जो खर्च येतो त्यात असे कितीतरी डबे आले असते. डबा ठेवला तरी तो रोज कोणी रिकामा करावयाचा हे वहीत लिहिलेले असावे लागते; न लिहिलेले काम नेहमी उद्याचे असते.

आतापर्यंत जमिनीच्या वरचे झाले. खरी अडचण जमिनीखाली आहे. केरळात भूमिगत गटारांचे जाळे तिरुवनंतपुरमात बऱ्याच भागात आणि कोचीत थोडेसे, एवढेच. कोळिकोडमधील घरे, दुकाने आणि उपाहारगृहे मुख्यतः आपापल्या सेप्टिक टँकवर अवलंबून आहेत. आणि हे शहर समुद्राच्या काठी, भूजल फार खोल नाही. जूनच्या आरंभी पाऊस सुरू होतो, ऑक्टोबरात परतीचा पाऊस पुन्हा झोडपतो. भूजल वर चढले की भरत आलेल्या टँकमधील पाण्याला जमिनीत मुरावयास वाव राहत नाही. ते उलट येते. मोरीच्या जाळीतून बुडबुडे येऊ लागले की समजावे. सरकारी मार्गदर्शनानुसार टँकमधील गाळ साधारणतः दोन ते तीन वर्षांनी उपसावयास हवा; प्रत्यक्षात आपण भारतीय लोक तो वर येईपर्यंत थांबतो. उपाहारगृहाने तर अधिक दक्ष राहावे लागते, कारण स्वयंपाकघरातील तेलकट पाणी त्याच टँकमध्ये सोडले तर तेलाचा थर जमून नळ आणि टँक दोन्ही चोंदतात. त्यासाठी वेगळा हौद करून वर तरंगणारे तेल नेमाने काढावे लागते. या व्यवस्थापकांच्या वहीच्या शेवटच्या पानावर टँक केव्हा उपसला त्याच्या तारखा होत्या, आणि त्या सर्व एप्रिल-मेच्या. पाऊस पडल्यावर टँकर मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे.

येथे एक दुःखद गोष्ट सांगणे भाग आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये याच शहरात भूमिगत गटाराच्या चेंबरमध्ये उतरलेले आंध्रातील दोन कामगार आतल्या विषारी वायूने गुदमरले. जवळून जाणारा एक तरुण रिक्षाचालक त्यांना वाचविण्यासाठी आत उतरला. तिघेही गेले. सेप्टिक टँकमध्ये किंवा गटारात संरक्षक साधनांवाचून माणूस उतरविणे हे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. तरीही घाई झाली, पाणी उलट येऊ लागले, पाहुणे दाराशी आले की कोणीतरी कोणालातरी दोरी लावून खाली सोडतो. जे काम मे महिन्यात पंपाच्या टँकरने अर्ध्या दिवसात होते, तेच जुलैत रात्रीच्या वेळी धोक्याचे होऊन बसते. देखभालीची तारीख चुकल्याची किंमत नेहमी मालकच चुकवितो असे नाही.

टँकर भरला, पण तो रिता कोठे करावयाचा? हाही प्रश्न येथे सुटलेला नव्हता. २०२२ साली शहराच्या किनारी भागात, आविक्कल तोडु व कोती येथे, सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे उभारण्याचे ठरले तेव्हा दाट वस्तीतील रहिवाशांनी कडवा विरोध केला. आपल्याच दाराशी हे का, असे कोळ्यांनी विचारले. त्यांचे म्हणणे अगदीच गैर होते असे म्हणवत नाही. आणि केंद्र कोठेतरी हवे हेही खोटे नाही. मिठाई तेरुवुवरील एका चकचकीत दुकानाचे दार सरळ त्या वादापाशी जाऊन उघडते, एवढे मात्र प्रवाशाने समजून घ्यावे.

उपाहारगृहाला व्यवस्थापक असतो, नोकरवर्ग असतो. लहान दुकानाचे काय? जेथे मालक, एक मुलगी आणि कापडाचे गठ्ठे एवढाच संसार, तेथे वही कोण ठेवणार? त्या रस्त्यावरील जुन्या इमारतींत एक शौचालय अनेक दुकानांत मिळून असते. सर्वांचे असलेले ते कोणाचेच नसते. असे असता आम्हांला तरी एकच व्यवस्था टिकेलशी वाटते. इमारतीतील दुकानदारांनी दरमहा आपापला वाटा आधीच एकत्र काढावा, सफाईसाठी एकाच माणसाला रीतसर वेतनावर ठेवावे, आणि पैसे कोणाकडे आहेत हे भिंतीवर लिहावे. बिघाड झाल्यावर वर्गणी मागावयास निघाले की पहिल्या मजल्यावरचा म्हणतो मी वापरत नाही, दुसऱ्या मजल्यावरचा म्हणतो मालकाने करावे, आणि घरमालक भाडेपट्टा काढून दाखवितो. तोवर ती चकती गळतच असते. आणि किल्ली? किल्ली नसावीच. बाहेरून कुलूप नको, आतून भक्कम कडी हवी. कुलूप मालकाच्या सोयीचे, कडी वापरणाऱ्या बाईच्या.

कारखान्यांच्या बाबतीत आपल्या देशाने हे फार पूर्वी ओळखले होते. १९४८ च्या कारखाना कायद्यात स्त्री-पुरुषांसाठी वेगळी, उजेडाची, हवेशीर शौचालये हवीत एवढेच म्हटलेले नव्हते. अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात जमीन आणि भांडी सात दिवसांतून किमान एकदा योग्य अपमार्जकाने किंवा जंतुनाशकाने कसून धुतली पाहिजेत, असे दिवसांच्या हिशेबात लिहिलेले होते. बांधा, एवढे सांगून कायदा थांबला नाही. पण साडीच्या दुकानातील चार मुली त्या व्याख्येत बसत नव्हत्या. मुंबईत २०११ साली स्त्रियांच्या मुताऱ्यांसाठी जी 'राइट टू पी' चळवळ सुरू झाली, तिच्या कार्यकर्त्यांनाही हाच अनुभव आला. जागा मिळविण्यासाठी जेवढे झगडावे लागले, तेवढेच मिळालेली जागा पाणी, दिवा आणि कडी यांसह चालू ठेवण्यासाठी.

आमच्या चौकशीने त्या व्यवस्थापकांना थोडे नवल वाटले असावे. कोळिकोडला येणारी माणसे बिर्याणीची कृती विचारतात, हलव्यात किती तेल पडते ते विचारतात; वहीची पाने उलटून पाहणारे पाहुणे विरळाच. त्यांनी चहा मागविला. तेवढ्यात शेजारच्या कापडाच्या दुकानातील दोन मुली आत आल्या, कोणाला काही न विचारता सरळ मागच्या बाजूस गेल्या, आणि थोड्या वेळाने हात पुसत बाहेर पडल्या. त्यांनी काही विकत घेतले नाही आणि गल्ल्यावरच्या मुलानेही मान वर केली नाही. त्यांच्या इमारतीतील नळाचे काम दोन दिवस चालू आहे, तोवर त्यांनी येथे यावे असे दोन्ही मालकांत ठरले आहे, असे व्यवस्थापकांनी सांगितले. मग घड्याळ पाहून त्यांनी पत्र्याचा डबा बाहेर काढला. साडेतीन वाजले होते, आणि प्लंबर जिन्यात येऊन उभा होता.